वाचक विचारतात : जहाजाच्या पोटातलं पाणी

मागच्या अंकात जहाजांच्या बॅलास्ट पाण्यावर एक छोटं टिपण आलं होतं. माल उतरवून हलकं झालेलं जहाज तोल राखण्यासाठी टाक्यांत समुद्राचं पाणी भरून घेतं. पुढच्या बंदरात माल चढवताना ते पाणी सोडून देतं आणि त्यातून परके जीव नव्या ठिकाणी पोहोचतात, एवढंच त्यात सांगितलं होतं. झिरो माइलच्या गावातून, म्हणजे नागपुरातून, यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. त्यातली निवडक इथे घेतली आहेत. पत्रं थोडी आखडती केली आहेत.

प्रश्न : समुद्राचं पाणी समुद्रातच सोडायचं, मग काहून एवढी उठाठेव? आणि खारट पाण्यात जंतू मरत नाहीत का? (निवृत्त शिक्षक, महाल)

उत्तर : गुरुजी, नकाशावर समुद्र एकच दिसतो, पण त्यात राहणाऱ्यांसाठी तो एक नाही. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातल्या शिंपल्याच्या अळ्या काही दिवस ते काही आठवडे तरंगतात. तेवढ्या वेळात टेकायला जागा मिळाली नाही तर मरतात. महासागर म्हणजे त्यांच्यासाठी वाळवंटच. जहाज हे वाळवंट टाकीत बसवून पार करून देतं.

आपल्याकडची बेशरम आठवा. ती मूळची दक्षिण अमेरिकेची, गुरं तिला तोंड लावत नाहीत आणि फांदी चिखलात पडली तरी रुजते. भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत तिने देशी पाणवनस्पतींची जागा कशी बळकावली ते तिथल्या मासेमार ढीवर बांधवांना विचारा. समुद्रात हेच घडतं, फक्त तिथे उपटून काढायची सोय नाही. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्याकडची नेमिऑप्सिस नावाची कंगवा-जेली १९८०च्या दशकात काळ्या समुद्रात पोहोचली. ती माशांची अंडी, अळ्या आणि त्यांचं खाद्य असलेले प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी, खाते. आधीच अतिमासेमारीने खिळखिळी झालेली तिथली अँकोव्हीची मासेमारी दशकाच्या अखेरीस कोसळली. धोका फक्त खाऱ्या पाण्यालाच आहे असंही नाही. काळ्या आणि कॅस्पियन समुद्राच्या परिसरातला झेब्रा शिंपला १९८८ साली उत्तर अमेरिकेच्या सेंट क्लेअर सरोवरात सापडला. पुढे तो पाणीपुरवठ्याच्या आणि वीजकेंद्रांच्या पाइपांत थरावर थर चढवत गेला. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या पाण्याच्या पाइपांत असा थर बसला तर काय होईल, हे नागपूरकरांना समजावून सांगायला नको.

मिठाचं म्हणाल, तर कॉलऱ्याचा जंतू मुळात मचूळ पाण्यातच राहणारा. मीठ त्याला मारत नाही, उलट थोडं लागतंच. ई. कोलाय खाऱ्या पाण्यात मरतो, पण सावकाश. टाकीतल्या अंधारात ऊन नसल्याने आणखी सावकाश.

कायद्याचं थोडक्यात : आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा बॅलास्ट पाण्याचा करार २००४ साली झाला आणि ८ सप्टेंबर २०१७ला लागू झाला. सुरुवातीला खोल समुद्रात पाणी बदललं तरी चालत होतं. जमिनीपासून किमान २०० सागरी मैल दूर, किमान २०० मीटर खोलीवर जायचं आणि टाकीच्या तिप्पट पाणी तिच्यातून खेळवायचं. याला डी-१ म्हणतात. वादळी समुद्रात हे धोक्याचं असतं आणि तळाचा गाळ तसाच राहतो. ८ सप्टेंबर २०२४ पासून करारात येणाऱ्या जहाजांना डी-२, म्हणजे सोडलेल्या पाण्यातल्या जिवंत जीवांची मर्यादा, पाळावी लागते. त्यासाठी बहुतेक जहाजांवर प्रक्रियायंत्र बसवावं लागलं आहे.

प्रश्न : डी-२ची नेमकी मर्यादा किती आणि ती तपासतात कशी? आम्ही अंबाझरी तलावाच्या पाण्याचे नमुने बाटली बुडवून घेतो, तसं टाकीच्या झाकणातून घेतलं तर? नमुना टिकावा म्हणून फॉर्मेलिन घालून आणावा का? (एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी, अमरावती रोड)

उत्तर : फॉर्मेलिनचं आधी : अजिबात नाही. ते घातलं की सगळे मेले, आणि आपल्याला मोजायचे आहेत ते फक्त जिवंत. पाणी नितळ आहे की गढूळ, याच्याशी डी-२ला काही देणंघेणं नाही.

मर्यादा अशी. ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून मोठे जीव, म्हणजे ढोबळमानाने प्राणिप्लवक, एका घनमीटरमध्ये १० पेक्षा कमी. १० ते ५० मायक्रॉनचे, म्हणजे बहुतांशी वनस्पतिप्लवक, एका मिलिलिटरमध्ये १० पेक्षा कमी. एकक बदललं आहे इकडे लक्ष द्या, पहिल्यांदा सगळे इथेच फसतात. मग जंतू, प्रत्येकी १०० मिलीत : ई. कोलायच्या वसाहती २५० पेक्षा कमी, आतड्यातले एन्टेरोकॉकाय १०० पेक्षा कमी आणि कॉलऱ्याचे विषारी ओ१ व ओ१३९ प्रकार १ पेक्षा कमी. जीवाचं माप घेताना त्याची सगळ्यांत लहान मिती धरतात. काटे, शेपट्या, मिशा सोडून द्यायच्या. लांबलचक पण बारीक कृमी म्हणूनच खालच्या गटात जाऊ शकतो.

टाकीच्या झाकणातून घेतलेला नमुना अंदाजापुरता ठीक. जीव टाकीत सारखे विखुरलेले नसतात. काही तळाच्या गाळाजवळ असतात, काही कोपऱ्यांत, काही वरच्या थरात. शिवाय मर्यादा आहे ती सोडलेल्या पाण्याची. म्हणून नमुना बाहेर जाणाऱ्या पाइपातूनच घ्यायचा, तोही यंत्राच्या पुढे, पाइपाच्या सरळ भागात. पाइपात आत वळवलेली, प्रवाहाकडे तोंड केलेली नळी असते. तिचा व्यास मनाला येईल तो नाही चालत. नमुन्याचा प्रवाह भागिले मुख्य प्रवाह, या भागाकाराचं वर्गमूळ गुणिले मुख्य पाइपाचा व्यास, हा समगती व्यास, म्हणजे नळीत आणि पाइपात पाण्याचा वेग सारखा ठेवणारा. मुख्य पाइप ३०० मिमी, प्रवाह ताशी ५०० घनमीटर आणि नमुना ताशी ३ घनमीटर घ्यायचा असेल, तर ३ भागिले ५०० म्हणजे ०.००६. त्याचं वर्गमूळ ०.०७७, गुणिले ३०० म्हणजे सुमारे २३ मिमी. प्रत्यक्षात नळी याच्या दीड ते दोनपट, म्हणजे ३५ ते ४६ मिमीची ठेवतात. अरुंद नळीत पाणी वेगाने घुसतं आणि नाजूक जीव चिरडले जातात. मग 'मेलेले' म्हणून मोजले गेलेले जीव यंत्राने मारले की आपल्या नळीने, हे कळायला मार्ग राहत नाही. त्याच कारणाने नळीवरचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडून प्रवाह आवळायचा नाही.

मोठ्या जीवांसाठी किमान १ घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी प्लवक-जाळीतून गाळायचं. ताशी ३ घनमीटरने वीस मिनिटं लागतात, पण एकाच वेळी सलग घेण्यापेक्षा टाकी रिकामी होताना सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी घेतलेलं बरं. जाळी हवेत टांगायची नाही, टबातल्या पाण्यात बुडलेली ठेवायची. आणि जाळी ५० मायक्रॉन 'कर्णाची' हवी, म्हणजे भोकाची बाजू सुमारे ३५ मायक्रॉन. दुकानातून '५० मायक्रॉन' लिहिलेली आणली आणि ते माप बाजूचं निघालं, तर कर्ण ७० होतो आणि नेमके मोजायचे तेच जीव निसटतात. जाळीत उरलेलं सुमारे लिटरभर पाण्यात धुऊन घ्यायचं, त्यासाठी पाणी जाळीतून आधी गाळलेलं वापरायचं.

लहान गटासाठी किमान १० लिटर, जंतूंसाठी अर्धा लिटर निर्जंतुक बाटलीत. पाण्याला क्लोरिनची प्रक्रिया झाली असेल तर बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट हवं. नाहीतर उरलेला क्लोरिन बाटलीतही मारत राहतो आणि निकाल खोटा चांगला येतो. जंतूंचा नमुना बर्फाच्या पेटीत, अंधारात न्यायचा. प्राणिप्लवकाचा बर्फात नाही, समुद्राच्याच तापमानाला, नाहीतर धक्क्यानेच निम्मे गपगार पडतात. सहा तासांच्या आत मोजणी सुरू व्हायला हवी. म्हणूनच ही प्रयोगशाळा बंदरात लागते, नमुना रेल्वेने नागपूरला पाठवून भागत नाही.

मोठे जीव बोगोरोव्ह ट्रेमध्ये, २० ते ४० पट दाखवणाऱ्या स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. हलला तर जिवंत. न हलला तर बारीक सुईने टोचायचा आणि पाय, मिशी, आतडं काही तरी हलतं का ते पाहायचं. लहान गटासाठी एफडीए आणि सीएमएफडीए ही रंगद्रव्यं घालून दहा मिनिटं अंधारात ठेवायचं. जिवंत पेशीतली एन्झाइम्स ती तोडतात आणि निळ्या प्रकाशात पेशी हिरवी चमकते. मग सेजविक-राफ्टर पट्टीवर मोजायचं, आणि चटकन, कारण काही वेळाने रंग पेशीबाहेर झिरपू लागतो. एक अडचण लक्षात ठेवा. काही यंत्रं पाणी यूव्ही (अतिनील) दिव्याखालून नेतात, पण त्याखालून गेलेली पेशी लगेच मरत नाही. तिचा डीएनए मोडतो, ती विभागू शकत नाही, पण एन्झाइम्स चालू असल्याने ती चमकत राहते. कराराला जीव 'वाढू शकणारा' आहे का हे हवं असतं, म्हणून पेशी वाढवून बघण्याची एमपीएन पद्धतही तिथे मान्य आहे. अमेरिकी तटरक्षक दलाने मात्र 'जिवंत' हा शब्द धरला आणि २०१५ साली एमपीएनवर आधारलेले अर्ज नाकारले. तेच यंत्र एकीकडे पास, दुसरीकडे नापास, असं त्यातून झालं. आमच्या मते वाढू न शकणारी पेशी पर्यावरणाला धोका नाही, पण गोदीवर निकाल लगेच हवा असतो आणि एमपीएनला दोन आठवडे लागतात, हेही खरं.

शेवटी अंकांचं, कारण गफलत इथेच मोठी होते. पाण्यात घनमीटरला २० जीव आहेत, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट, असं समजा. तुम्ही हजार लिटर गाळले तर सरासरी २० सापडतील, आणि दहापेक्षा कमी सापडून पाणी चुकून पास होण्याची शक्यता दोनशेत एक. शंभरच लिटर गाळले तर सरासरी २ सापडतील, आणि एकही न सापडण्याची शक्यता साडेतेरा टक्के. हजार लिटरचं लिटरभर करून त्यातले १०० मिलीच मोजले, तरी हिशेबाने तुम्ही शंभर लिटरच मोजले. अहवालात गाळलेल्या नव्हे, मोजलेल्या पाण्याचं प्रमाण लिहिलंय का ते आधी बघावं.

प्रश्न : टीसीबीएस अगारवर पिवळ्या वसाहती आल्या. म्हणजे कॉलरा, म्हणजे जहाज नापास? (प्रयोगशाळा सहायक, धंतोली)

उत्तर : नाही. टीसीबीएस हे व्हिब्रिओ, म्हणजे कॉलऱ्याच्या जंतूच्या गटातले जंतू, वाढवायचं माध्यम. त्यावर साखर आंबवणारा कुठलाही व्हिब्रिओ पिवळा दिसतो आणि समुद्राच्या पाण्यात व्हिब्रिओ अल्जिनोलिटिकस तर भरपूर असतो. पिवळी वसाहत म्हणजे फक्त संशय. तिचं शुद्ध संवर्धन, मग जैवरासायनिक चाचण्या, मग ओ१ व ओ१३९ च्या प्रतिद्रव्यांशी गुठळ्या होतात का, आणि शेवटी विषाचा जनुक आहे का. एवढं झाल्याशिवाय 'कॉलरा' हा शब्द अहवालात लिहू नये.

प्रश्न : आमचा मुलगा कोळसावाहू जहाजावर ज्युनिअर इंजिनीअर आहे. यूव्हीचं यंत्र आहे. नदीच्या बंदरात गेलं की गाळणी सारखी चोंदते, अलार्म वाजतो आणि माल उतरवायला उशीर झाला म्हणून वरचे रागावतात. 'बायपास करून टाक', म्हणजे पाणी यंत्रातून न नेता थेट टाकीत घे, म्हणतात म्हणे. त्याने काय करावं? (एक आई, मानेवाडा)

उत्तर : ताई, मुलाची अडचण खरी आहे आणि ती त्याच्या एकट्याची नाही. हुगळी, यांगत्से यांसारख्या नद्यांच्या मुखाशी पाण्यात इतका बारीक गाळ असतो की ४० मायक्रॉनच्या आसपासची जाळी मिनिटांत भरते. मग ती स्वतःला उलट्या धारेने धुऊ लागते आणि त्यातच पाणी आणि दाब खर्च होतो. गढूळ पाण्यातून यूव्ही किरणही आरपार जात नाहीत. सेन्सरला तीव्रता कमी दिसली की यंत्र प्रवाह कमी करतं आणि शेवटी बंद पडतं. हा बिघाड नाही, यंत्र आपलं काम करतंय.

त्याला या क्रमाने जायला सांगा. आधी पंपाचा प्रवाह कमी करायचा. ताशी ५०० ऐवजी २०० घनमीटर घेतलं तर दर थेंबाला किरणं जास्त मिळतात आणि गाळणीवरचा भारही उतरतो. मग पाणी वरच्या सी-चेस्टमधून (जहाजाच्या अंगातल्या, समुद्राचं पाणी आत घेण्याच्या कप्प्यातून) घ्यायचं, तळाकडच्या नव्हे. ओहोटीला, शेजारी टग किंवा ड्रेजर चालत असताना आणि रात्री घेणं शक्यतो टाळायचं. रात्री प्राणिप्लवक वर येतात. उलट्या धुलाईला पाइपात पुरेसा दाब लागतो, त्यामुळे टाकी नुसत्या गुरुत्वाने भरायला ठेवली की धुलाई नावापुरतीच होते. ही चूक फार ठिकाणी दिसते. यूव्ही दिव्यावरच्या क्वार्ट्झच्या नळीवर चुन्याचा आणि लोहाचा थर बसतो, तो यंत्रासोबतच्या आम्ल-धुलाईने काढायचा. कापडाने घासली तर ओरखडे पडतात आणि उजेड कायमचा अडतो.

हे सगळं करूनही जमलं नाही आणि जहाज किंवा माल अडकतोय, तरच बायपास, तोही शेवटचा उपाय म्हणून. बायपास लपवता येत नाही. यंत्राच्या नियंत्रकात तारीख-वेळेसह नोंद राहते आणि बंदरातला तपासनीस आधी तीच उघडतो. त्यामुळे बॅलास्ट नोंदवहीत कारण, टाकीचा नंबर, घनमीटर आणि वेळ लिहायची, जहाजाच्या ध्वज-देशाला (जिथे ते नोंदलेलं आहे त्या देशाला) आणि पुढच्या बंदराला कळवायचं. समुद्रात आल्यावर त्या टाक्या रिकाम्या करून, धुऊन, खोल समुद्राचं पाणी प्रक्रिया करूनच भरायचं. बायपास झालेले पाइपही त्याच पाण्याने खेळवून काढायचे. हे करायला सांगणारं मार्गदर्शन सागरी संघटनेनेच २०२४ साली दिलं आहे. वरच्यांशी बोलताना त्याने त्याचाच आधार घ्यावा. 'बायपास कर' हा हुकूम तोंडी असेल तर मुलाने तो नोंदवहीत लिहून मगच व्हॉल्व्ह फिरवावा, एवढं मात्र आवर्जून सांगा.

प्रश्न : मी पाणीपुरवठा विभागात बत्तीस वर्षं काढली. आम्ही पेंचच्या पाण्यात क्लोरिन टाकतो, तसं जहाजाच्या टाकीत ब्लिचिंग पावडर ओतली की झालं. एवढी महाग यंत्रं कशाला? (निवृत्त कर्मचारी, प्रतापनगर)

उत्तर : तुमची दिशा बरोबर आहे. जहाजांवर यूव्हीच्या जोडीला दुसरी मोठी पद्धत क्लोरिनचीच. फक्त क्लोरिन बाहेरून आणत नाहीत, समुद्राच्या मिठातून विजेने तिथेच तयार करतात. कारण हिशेबात आहे. मोठं बल्क जहाज ५०,००० घनमीटरच्या आसपास बॅलास्ट घेतं. लिटरला ८ मिलिग्रॅमची मात्रा धरली तर ४०० किलो क्लोरिन, म्हणजे ३३ टक्क्यांची पावडर बाराशे किलो, दर खेपेला. ती दमट हवेत ठेवायची, टाकीत सारखी मिसळायची. न विरघळलेला चुना तळाशी बसतो आणि एका कोपऱ्यात जास्त, दुसऱ्यात शून्य अशी मात्रा होते.

नळाच्या पाण्याशी एक मोठा फरक : समुद्रात लिटरला सुमारे ६५ मिलिग्रॅम ब्रोमाइड असतं. क्लोरिन पडताच त्याचं ब्रोमिनमध्ये रूपांतर होतं, त्यामुळे इथे 'मुक्त क्लोरिन' मोजत नाहीत, एकूण ऑक्सिडंट म्हणजे टीआरओ मोजतात. क्लोरिन मोजायची डीपीडीची गोळी तुम्हाला ओळखीची असेल. इथे पोटॅशियम आयोडाइड असलेली 'टोटल'ची घ्यायची. आणि जुना सापळा इथेही आहे. मात्रा फार जास्त असली की गुलाबी रंग येऊन लगेच उडतो आणि मापक शून्याजवळ दाखवतो. शंका आली की नमुना ऊर्ध्वपातित पाण्याने दहापट पातळ करून पुन्हा बघायचा.

नळाला टोकाशी ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरायलाच हवा म्हणून तुम्ही धडपडता. इथे उलट आहे. समुद्रात सोडताना टीआरओ सहसा ०.१ मिलिग्रॅमच्या आत आणावा लागतो. त्यासाठी सोडताना सोडियम बायसल्फाइट किंवा थायोसल्फेट घालतात. एक किलो क्लोरिनला सुमारे दीड किलो बायसल्फाइट लागतं. म्हणजे आपल्या जहाजात लिटरला २ मिलिग्रॅम उरलं असेल तर १०० किलो क्लोरिनला दीडशे किलो. जास्त घातलं तर तेच पाण्यातला ऑक्सिजन खातं, म्हणून 'चार मुठी जास्त' हा आपला ठोकताळा इथे चालणार नाही. गोड्या पाण्याच्या बंदरात मीठच नसल्याने यंत्र क्लोरिन बनवू शकत नाही. मग जहाजाच्या मागच्या टोकाच्या टाकीत राखून ठेवलेलं खारं पाणी त्याला पुरवतात. विजेने क्लोरिन बनताना हायड्रोजनही सुटतो. हवेत ४ टक्के झाला की तो पेट घेऊ शकतो, म्हणून पंखे बंद असताना यंत्र सुरूच होऊ नये अशी जोडणी असते. त्या जोडणीला कुणी 'जुगाड' करून वळसा घातलेला दिसला तर तिथून आधी बाहेर पडावं.

प्रश्न : यंत्र बसवताना चाचणी पास झाली, दोन वर्षांनी त्याच जहाजाचा नमुना नापास. कसं? (नाव दिलेलं नाही)

उत्तर : बहुतेकदा मोठ्या जीवांचा गट नापास होतो, आणि कारण दिव्यात किंवा क्लोरिनमध्ये नसतं. गाळणीच्या जाळीला बारीक चीर किंवा तिचं रबरी सील सुटलेलं. बटरफ्लाय व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, त्यातून प्रक्रिया न झालेलं पाणी झिरपतं. टाकीच्या तळाशी जुना गाळ साचलेला, त्यातले सिस्ट (कवचात निद्रिस्त असलेले जीव) आणि अंडी पुन्हा फुटतात. यंत्र बदलायचा विचार करण्याआधी टाकीत उतरून फावड्याने गाळ काढा. उतरण्याआधी टाकीतला ऑक्सिजन मोजा आणि बाहेर माणूस उभा ठेवा, बंद टाकीत गुदमरून माणसं मरतात.

प्रश्न : आम्ही दोन-तीन तलावांत मासेमारी करतो. जलपर्णी एका तलावातून दुसऱ्यात आमच्याच जाळ्यांनी जाते असं म्हणतात. जहाजासारखा काही उपाय आहे का? (मच्छीमार सहकारी संस्थेचे सभासद, उमरेड तालुका)

उत्तर : आहे, आणि फुकट आहे. नाव आणि जाळं त्याच तलावाच्या काठावर झटकून, तळाचं पाणी तिथेच सांडून टाका. चिखल तिथल्याच पाण्याने पूर्ण धुऊन काढा. जलपर्णीचं बी चिखलात वर्षानुवर्षं टिकतं, ते ऊन्हाने मरत नाही, म्हणून वाळवण्याआधी धुणं महत्त्वाचं. मग जाळं पसरून पाच दिवस कडक उन्हात ठेवा, घडी घालून नव्हे. पावसाळ्यात वाळत नसेल तर दोन तलावांसाठी दोन वेगळी जाळी ठेवा आणि लाकडी बोटीच्या फटी ब्रशने साफ करा.